वरच्या मजल्यासाठी ८ इंची पोकळ काँक्रीट ब्लॉक: नाशिकच्या जुन्या घरांच्या हिशेबाने केलेलं परीक्षण

आधी निकाल सांगतो, मग कारणं. लोड बेअरिंग घरावर (कॉलम नसलेलं, भिंतींवरच सगळा भार पेलणारं घर) एक मजला चढवायचा असेल, तर ८ इंची पोकळ काँक्रीट ब्लॉक हा चांगला माल आहे. मालाला पाचपैकी चार. बाजारात तो ज्या अवस्थेत गाडीतून उतरतो, त्याला अडीच. आणि गवंडी ज्या पद्धतीने तो रचतात, तिला त्याहून कमी. घर मात्र यांपैकी कशावरच ठरत नाही. ते ठरतं खालच्या भिंतीवर आणि पायावर.

सिडको, सातपूर, पंचवटी, नाशिकरोड या भागांत बैठी घरं भरपूर आहेत. ९ इंची विटांच्या भिंती, वर १२५ मिमीचा स्लॅब, त्यावर कोबा. कुटुंब वाढलं की वर दोन खोल्या काढायचा विषय निघतो आणि कुणीतरी सुचवतं, "होलो ब्लॉक लावा, वजन कमी पडतं." बोलणं खरं आहे. किती खरं, ते आकड्यांत पाहू.

माल काय आहे

पोकळ ब्लॉकचं भारतीय मानक (आयएस) २१८५, भाग १ (२००५). प्रत्यक्ष माप ३९० × १९० × १९० मिमी. १० मिमीचा सांधा धरला की ४०० × २००. म्हणजे एका चौरस मीटरला १२.५ ब्लॉक. तेवढ्याच ९ इंची भिंतीला शंभराहून जास्त विटा लागतात, वेग तिथून येतो. मापातला फरक लांबीत ५ मिमी आणि उंची-रुंदीत ३ मिमीपर्यंत चालतो. म्हणूनच एएसी ब्लॉकसाठी (हवेचे बुडबुडे असलेला हलका सिमेंटी ब्लॉक) मिळणारं पिशवीतलं पातळ चिकटद्रव्य इथे उपयोगाचं नाही. ३ मिमीचा फरक २ मिमीच्या सांध्यात कुठे लपणार?

भार घेणाऱ्या भिंतीसाठी वर्ग 'ए' घ्यायचा. त्यात ३.५, ४.५, ५.५, ७ असे पुढे १५ पर्यंत दर्जे आहेत. हे आकडे न्यूटन प्रति चौरस मिमीमध्ये, आणि पोकळीसकट पूर्ण क्षेत्रफळावर मोजलेले. एका वाढीव मजल्यासाठी ५.५ च्या खाली जाऊ नये असं आमचं मत आहे. दाबयंत्रात ५.५ चा ब्लॉक फुटायला सुमारे ४१ टन लागायला हवेत. ३.५ चा ब्लॉक कंपाउंडच्या भिंतीला ठीक.

वर्ग 'ए'ची दुसरी अट घनतेची आहे: पोकळीसकट मोजून किमान १५०० किलो प्रति घनमीटर. ग्राहकाच्या हातात यापेक्षा सोपी चाचणी नाही. ३९० × १९० × १९० चं आकारमान ०.०१४ घनमीटर, त्याला १५०० ने गुणलं की २१ किलो. भंगारवाल्याचा वजनकाटा चालेल. दहा ब्लॉक तोला. १६-१७ किलो भरत असतील, तर तो वर्ग 'ए' नाही, विक्रेता काहीही म्हणो. "हलका आहे, वर चढवायला सोपा" हे इथे कौतुक नव्हे. एक खबरदारी घ्या: पावसात भिजलेला ब्लॉक तोलू नका, दीडेक किलो पाणीच मोजलं जाईल.

दुसरी घरगुती चाचणी पाण्याची. पूर्ण वाळलेला ब्लॉक तोला, २४ तास पाण्यात बुडवा, वरचं पाणी पुसून पुन्हा तोला. वाढ १० टक्क्यांच्या आत हवी. २२ किलोचा ब्लॉक २४.२ च्या वर गेला तर नको. तिसरी गोष्ट टेपने मोजायची. १९० मिमी रुंदीच्या ब्लॉकला बाहेरचं शेल (पोकळीच्या बाहेरची कड) किमान ३० मिमी आणि दोन पोकळ्यांमधली पडदी किमान २५ मिमी हवी. साचा झिजला की पोकळी लहान होते, त्याचं काही नाही. पण एका बाजूचं शेल ३८ आणि दुसऱ्या बाजूचं २४ भरत असेल, तर साच्यातला गाभा सरकलेला आहे. असा माल परत पाठवा.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट डोळ्यांना दिसत नाही: ब्लॉकचं वय. मानकाप्रमाणे किमान १४ दिवस ओलावणी आणि त्यानंतर साधारण चार आठवडे वाळवण. म्हणजे साच्यातून निघाल्यापासून भिंतीत बसेपर्यंत सहा आठवडे. काँक्रीट वाळताना आक्रसतं. हे आक्रसणं गठ्ठ्यात व्हायला हवं, भिंतीत नाही. ताजा ब्लॉक लावला की दोन-तीन महिन्यांनी खिडकीच्या कोपऱ्यापासून जिन्यासारखी तिरपी चीर निघते. मग सिमेंट कंपनी, गवंडी, प्लास्टरवाला अशा सगळ्यांवर खापर फुटतं. २०२७ च्या सिंहस्थाच्या कामांमुळे मागणी वाढलेली असताना ओला माल गाडीत चढण्याचा धोका जास्त. गठ्ठ्यावर ओतल्याची तारीख रंगवून मागा. ती देत नसतील, तर लागणारा माल सहा आठवडे आधी उचलून तुमच्या अंगणात ताडपत्रीखाली, कडेने हवा खेळेल असा ठेवा.

आजूबाजूच्या यार्डांत दोन प्रकारचं उत्पादन दिसतं. एक, जमिनीवर फिरत ब्लॉक सोडत जाणारं यंत्र; दुसरं, एका जागी बसवलेला हायड्रॉलिक प्रेस. दुसऱ्याचा ब्लॉक सहसा जास्त घट्ट आणि एकसारख्या उंचीचा निघतो. पहिल्या पद्धतीतही चांगला माल होतो, पण खालची फरशी समपातळीत नसली की ब्लॉकची उंची कमी-जास्त येते. दहा ब्लॉक एका ओळीत ठेवून वरून सरळ पट्टी टाकली की कळतं. वाळूऐवजी आता क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) असते, त्याबद्दल तक्रार नाही. न धुतलेल्या कचीतली (बारीक खडीतली) भुकटी मात्र जास्त झाली, तर पाणीशोषण वाढतं. कड अंगठ्याने घासून पाहा, पीठ सुटता कामा नये.

खरा प्रश्न: खालची भिंत

मधल्या एका भिंतीचा हिशेब करू. दोन्ही बाजूंना ३.५ मीटरच्या खोल्या, म्हणजे त्या भिंतीवर ३.५ मीटर रुंदीचा स्लॅब येतो. सगळे आकडे भिंतीच्या दर मीटर लांबीचे.

वरचं नवं छत: १२५ मिमी स्लॅब, कोबा, खालचं प्लास्टर आणि गच्चीवरचा वावर मिळून चौरस मीटरला सुमारे ७०० किलो, ३.५ ने गुणून २.४५ टन. ३ मीटर उंच ब्लॉकची भिंत प्लास्टरसह १.०५ टन. ब्लॉकच्या तळाशी बेरीज ३.५ टन. १९० मिमी रुंदीवर हा दाब ०.१८ न्यूटन प्रति चौरस मिमी येतो (पुढचे दाबही याच मापात). विटा-ब्लॉकच्या भिंतींचं मानक आयएस १९०५, त्याच्या तक्त्यात ५ न्यूटनच्या ब्लॉकला १:६ मालात (सांध्यातला माल, एक भाग सिमेंटला सहा भाग वाळू) मूळ अनुज्ञेय दाब, म्हणजे भिंतीवर टाकायला परवानगी असलेला दाब, ०.४४. भिंतीच्या सडपातळपणासाठी त्यात कपात करावी लागते: वर-खाली स्लॅब असल्याने परिणामी उंची २.२५ मीटर, भागिले ०.१९, म्हणजे जवळपास १२, आणि त्याचा गुणक ०.८४. राहिले ०.३७. म्हणजे ब्लॉक निम्म्या ताकदीवर काम करतोय. तिथे काळजी नाही.

आता एक मजला खाली या. आधीचं छत आता फरशी झालं: स्लॅब, टाइल्स, माणसांचा भार मिळून चौरस मीटरला ६१५ किलो, म्हणजे २.१५ टन. खालची विटांची भिंत १.५ टन. एकूण ७.१५ टन. मजला चढवण्याआधी हीच भिंत जेमतेम ४ टन झेलत होती. ७.१५ टन भागिले २३० मिमी म्हणजे ०.३०५ न्यूटन. साध्या स्थानिक विटेला ३.५ न्यूटन ताकद धरली, तर सडपातळपणाची कपात करून अनुज्ञेय दाब ०.३१ उरतो.

काठावर पास. आणि नेमकं इथेच ब्लॉकचं हलकेपण कामाला येतं: वर ब्लॉकऐवजी ९ इंची विटा घेतल्या तर दर मीटरला ४५० किलो वाढतात, दाब ०.३२४ होतो आणि भिंत नापास. जुना कोबा न काढता त्यावरच फरशी केली, तर चौरस मीटरला २०० किलोच्या हिशेबाने ७०० किलो वाढतात आणि दाब ०.३३५. म्हणजे ब्लॉक निवडून जे वाचवलं, ते कोबा ठेवून गमावलं, वर थोडं पदरचं घातलं. कोबा फोडायचा खर्च टाळणारा कंत्राटदार हा हिशेब कधीच सांगत नाही.

यात दार-खिडक्या धरलेल्या नाहीत. भिंतीची ४० टक्के लांबी उघडी असेल, तर उरलेल्या भागावर तोच भार येतो आणि वरचं गणित कोसळतं. बाहेरच्या भिंतींवर स्लॅब एकाच बाजूने टेकतो, त्यामुळे त्यांना थोडी सवलत मिळते. जुना माल चुन्याचा किंवा मातीचा असेल, तर अनुज्ञेय दाब ०.३१ पेक्षा बराच खाली येतो. अशा भिंतीवर ब्लॉकचा मजला चढवू नये. जुन्या नाशकातल्या वाड्यांच्या भिंतींना तर हा हिशेब लागूच होत नाही: बाहेरून घडीव दगड, आत भरड, आणि दोन्ही अंगांना बांधणारे दगड कमी. ते प्रकरण वेगळं आहे.

खालच्या भिंती ६ इंची किंवा साडेचार इंची असतील, तर परीक्षण इथेच संपवा आणि पायापासून स्वतंत्र आरसीसी सांगाडा किंवा लोखंडी कॉलम यांचा विचार करा. सामाईक भिंतीच्या रो-हाउसमध्ये शेजाऱ्यानेही उद्या मजला चढवला, तर त्या एका भिंतीवर दोन्ही घरांचा भार येईल; तो आजच धरा.

पाया उघडून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. भिंतीलगत मीटरभर लांब-रुंद खड्डा, दोन ठिकाणी: एक मधल्या भिंतीला, एक न्हाणीघराच्या किंवा चेंबरच्या बाजूला, कारण गळकी लाइन असली तर माती तिथेच सैल झालेली असते. पायाची रुंदी, खोली आणि खालची माती बघायची. जोत्याखालच्या भिंतीसह भार साडेआठ टनांच्या आसपास जातो. ९०० मिमी रुंद पायावर तो चौरस मीटरला साडेनऊ टन. घट्ट मुरमावर हा आकडा किरकोळ आहे. काळ्या मातीवर तो चिंतेचा, कारण ती पावसात फुगते आणि एप्रिल-मेमध्ये भेगाळते. गोदावरीच्या जवळच्या सखल भागात काळी माती खोलवर लागू शकते, तर उंचावरच्या वसाहतींत फूट-दोन फुटांवर मुरूम लागतो. शेजाऱ्याकडे मुरूम लागला म्हणून आपल्याकडे लागेलच, असं नाही. खड्डा त्याच दिवशी मुरूम कुटून बुजवा. आठवडाभर उघडा ठेवून त्यात पाणी साचू देऊ नका.

दुसऱ्या मालाशी तुलना

राखेची वीट नाशिकला सहज मिळते. एकलहऱ्याचं औष्णिक केंद्र जवळच आहे. चांगल्या राखेच्या विटेची ताकद पोकळ ब्लॉकपेक्षा जास्त असू शकते, पण वजन वाचत नाही, आणि इथे वजनच मुख्य. एएसी ब्लॉक वजनाला पोकळ ब्लॉकच्या निम्म्याहूनही कमी. पडदी भिंतीला तो आमची पहिली पसंती आहे. पण स्लॅब झेलणाऱ्या भिंतीत, सळई घालायला पोकळी नसलेला आणि ३-४ न्यूटनचा एएसी आम्ही सुचवणार नाही. भरीव काँक्रीट ब्लॉक दणकट आणि जड. खालच्या मजल्याला शोभतो. लोखंडी सांगाड्यावर पत्र्याचं किंवा पॅनेलचं छत हा सगळ्यात हलका पर्याय. खालची भिंत काठावर नापास होत असेल, तर ब्लॉकचा हट्ट सोडून तिकडे वळावं.

६ इंची पोकळ ब्लॉक स्वस्त पडतो म्हणून पुढे केला जातो. १४० मिमीच्या भिंतीत सळईभोवती काँक्रीट नीट उतरत नाही. शिवाय ३९० लांबीच्या ब्लॉकचा १४० रुंदीशी कोपऱ्यात मेळ बसत नाही. प्रत्येक थराला तुकडे तोडावे लागतात. १९० × ३९० मध्ये कोपरा आपोआप अर्ध्यावर अर्धा जुळतो. भार घेणाऱ्या भिंतीला ८ इंचीच.

रचणी

पाच-सहा ब्लॉक उंच गठ्ठे गच्चीच्या मधोमध लावू नका. ब्लॉकचा नुसता एक थर पसरला तरी चौरस मीटरला ३०० किलो होतात, आणि घराचा स्लॅब साधारण २०० किलो वावरासाठी धरलेला असतो. सहा थरांचा गठ्ठा म्हणजे १८०० किलो. ब्लॉक भिंतींच्या डोक्यावर, कडेकडेने ठेवा आणि रोज लागतील तेवढेच वर चढवा.

नवी भिंत जुन्या भिंतीच्या बरोबर वर यायलाच हवी. वरच्या बेडरूमला मोठं करायला भिंत दोन फूट सरकवली की मीटरला साडेतीन टन थेट स्लॅबच्या पोटावर येतात. तो स्लॅब त्यासाठी केलेला नाही. तीच गोष्ट जुन्या स्लॅबवरून कॉलम उठवण्याची. खाली काहीच नसलेला कॉलम हा एका बिंदूवरचा भार असतो. कुणी "मजबुतीसाठी चार कॉलम टाकू" म्हणालं, तर ते कॉलम खाली कुठवर जाणार आहेत, ते विचारा.

कोबा काढल्यावर स्लॅब टाचून खरबरीत करा आणि धुवा. उतार कोब्यात दिलेला असेल तर स्लॅब सपाट निघेल. स्लॅबलाच उतार असेल तर ६ मीटरमध्ये ६० मिमीपर्यंत फरक पडतो. तो सांध्यात भरू नका, भिंतीखाली काँक्रीटची पट्टी टाकून पातळी काढा. पहिल्या थराखाली माल पूर्ण रुंदीत. पुढच्या थरांना दोन्ही शेलवर, आणि ज्या पोकळीत काँक्रीट भरायचं आहे तिच्या भोवतीच्या पडद्यांवरही. उभा सांधा दोन्ही कडांना भरायचा. गवंडी बाहेरून बोट फिरवून दरज बंद करतात आणि आत मोकळं सोडतात. पावसात पाणी तिथूनच शिरतं.

ब्लॉकच्या पोकळ्या साच्यातून सुटण्यासाठी किंचित निमुळत्या असतात. जाड शेलची बाजू वर ठेवायची, म्हणजे मालाला बसायला जागा मिळते. आडवा करून, भोकं बाजूला ठेवून ब्लॉक लावायचा नाही. यंत्रात तपासलेली ताकद भोकं उभी असतानाची आहे. माल १:६. जास्त सिमेंट घातलं की भिंत बळकट होते असं वाटतं, पण ब्लॉकपेक्षा कडक माल आक्रसताना ब्लॉकच फोडतो. आणि ब्लॉक विटेसारखा हौदात बुडवायचा नाही. विटेची सवय हातात इतकी बसलेली असते की हे दर सकाळी सांगावं लागतं. फार ऊन असेल तर वरची कड ओल्या ब्रशने पुसायची, बस्स. दिवसाला सहा थर, म्हणजे १.२ मीटर, पुरे. काम थांबवताना भिंतीचा माथा प्लास्टिकने झाका.

उंचीचा मेळ आधी कागदावर घाला. ३ मीटरसाठी आम्हाला जमलेली मांडणी: ४ थर (८००), १०० मिमीचा सिल बँड (बँड म्हणजे भिंतींवरून फिरणारा सळईच्या काँक्रीटचा पट्टा; हा खिडकीच्या तळाशी), ६ थर (१२००), तिथे २१०० ला दार-खिडकीचा माथा, मग दार-खिडक्यांवरचा १५० चा लिंटेल बँड, ३ थर (६००), वर १५० चा बँड आणि त्यावर स्लॅब. एकही ब्लॉक आडवा कापावा लागत नाही. लांबीही २०० च्या पटीत ठेवली तर फक्त अर्धे ब्लॉक लागतात, आणि ते कारखान्यातूनच घ्या. छिन्नीने फोडलेल्या अर्ध्या ब्लॉकच्या शेलला बारीक चीर गेलेली असते.

सळई आणि बँड

आयएस १८९३ (२०१६) च्या भूकंपाच्या नकाशात नाशिक तिसऱ्या झोनमध्ये आहे. "आपल्याकडे कुठे भूकंप" म्हणणाऱ्यांनी एवढंच आठवावं की १९९३ मध्ये किल्लारी त्या वेळच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या झोनमध्ये होतं. सळईविना पोकळ ब्लॉकची भिंत उभा भार मजेत घेते. आडवा धक्का तिला सोसत नाही. म्हणून पोकळीचा उपयोग करून घ्यायचा.

प्रत्येक कोपऱ्यात, भिंती मिळतात त्या प्रत्येक ठिकाणी आणि दार-खिडकीच्या दोन्ही कडांना एकेक १२ मिमी उभी सळई. ज्या पोकळीत सळई ती पोकळी काँक्रीटने भरलेली: १:१.५:३ (सिमेंट, वाळू, खडी), खडी १० मिमीपर्यंतची, हाताने ओतता येईल इतकं पातळ. एका पोकळीला पूर्ण उंचीत साधारण ४५ लिटर लागतं. दोन खोल्यांत १६ पोकळ्या धरल्या तर पाऊण घनमीटरच्या आत, सुमारे सहा गोणी सिमेंट. एवढ्यासाठी कंजुषी कशाला?

चुकतं ते भरताना. तीन मीटर भिंत पूर्ण झाल्यावर वरून काँक्रीट ओतलं की ते मध्येच अडकतं, कारण सांध्यातून आत आलेला माल पोकळी अरुंद करतो. बाहेरून भरलेली दिसते, आतून कमरेएवढ्या उंचीवर रिकामी. तीन थर झाले की भरा आणि १६ मिमी सळईने कोचा. सगळ्यात खालच्या ब्लॉकला आतल्या बाजूने मुठीएवढं भोक ठेवा. पडलेला माल तिथून काढायचा आणि काँक्रीट तळापर्यंत पोचलं की नाही, तेही तिथेच दिसतं. सळई एकसंध उभी केली तर २२ किलोचा ब्लॉक डोक्यावरून ओवावा लागतो आणि मजूर गुपचूप सळई वाकवतात. दोन तुकडे घ्या, ६०० मिमीचा लॅप ठेवा, म्हणजे तेवढी लांबी एकमेकांशेजारी येऊ द्या.

बँडमध्ये १० मिमीच्या दोन सळया, ६ मिमीच्या रिंगा १५० मिमीवर. बँड घराभोवती आणि मधल्या भिंतींवरून अखंड फिरला पाहिजे. कोपऱ्यात सळई तिथेच संपवायची नाही, वाकवून दुसऱ्या भिंतीत न्यायची. बँडखालच्या थराच्या पोकळ्या, ज्या भरायच्या नाहीत, त्या सिमेंटच्या रिकाम्या गोणीच्या कागदाने किंवा जाळीने बंद करा, नाहीतर बँडचं काँक्रीट खाली गळत राहतं. दारं-खिडक्या मिळून भिंतीच्या लांबीच्या निम्म्याहून कमी ठेवा, आणि उघडा भाग कोपऱ्यापासून ४५० मिमी तरी दूर.

जुन्या घराशी जोडणी हा या सगळ्या कामाचा कच्चा दुवा. स्लॅबमध्ये १६ मिमीचं भोक, ब्रश आणि हवेने दोनदा साफ, मग सळई चिकटवायचं केमिकल आणि १२ मिमी सळई. धूळ राहिली की केमिकल धुळीला चिकटतं आणि सळई हाताने हलते. प्रत्येक सळई दुसऱ्या दिवशी ओढून बघा. १२५ मिमीच्या स्लॅबखाली बँड किंवा बीम असेल तर पकड चांगली मिळते. नुसती वीट असेल तर ही जोडणी भिंत जागेवर धरण्यापुरतीच, आणि खालच्या मजल्याला स्वतःचा एकही बँड नसेल तर वर सळया घालून घर भूकंपाला तयार झालं असं समजू नका. आयएस १३९३५ मध्ये जुन्या भिंतींना दोन्ही बाजूंनी वेल्डमेशचे (वेल्ड केलेल्या लोखंडी जाळीचे) पट्टे बांधण्याची पद्धत आहे. लिंटेलच्या वर आणि कोपऱ्यांत हे काम वरचा मजला सुरू होण्याआधी उरका. प्लास्टर नाहीतरी फोडावंच लागतं.

वायरिंग, छत, पाऊस

शेल ३० मिमीचं. २५ मिमी पाइपसाठी घळ मारली की उरलं काय? पोकळ ब्लॉकच्या भिंतीत आडवी घळ मारूच नये. पाइप बांधतानाच न भरलेल्या पोकळीतून उभा न्या, बोर्डाची जागा कटरने कापा. इलेक्ट्रिशियन पहिल्या थरापासून कामावर हवा, प्लास्टरच्या आदल्या दिवशी नव्हे. गिझर, टीव्ही, ग्रिल, दाराचे होल्डफास्ट जिथे येणार त्या पोकळ्या भरून ठेवा. रिकाम्या शेलमध्ये ठोकलेला फिशर वर्षभरात फिरायला लागतो.

वरच्या छतावर नाशिकचं ऊन थेट पडतं. स्लॅब फुगतो, भिंत तेवढी फुगत नाही, आणि स्लॅबखाली घराभर आडवी चीर दिसू लागते. घाबरायचं कारण नसतं, पण ती टाळता येते: गच्चीवर पांढऱ्या टाइल्स किंवा चायना मोझाइक, आणि आतल्या प्लास्टरमध्ये स्लॅब-भिंतीच्या सांध्यावर १० मिमीची सरळ खाच. बँड आणि ब्लॉक जिथे मिळतात तिथे प्लास्टरखाली २०० मिमी रुंद जाळी.

बाहेरचं प्लास्टर दोन हातांत, १२ आणि ८ मिमी. पश्चिमेची भिंत पावसाचा मारा खाते, तिकडे खिडकीच्या सिलला बाहेर उतार आणि खालून पाणी तोडणारी खाच हवीच. एकदा पोकळीत पाणी शिरलं की ते खाली उतरून भलत्याच ठिकाणी, बहुधा खालच्या घराच्या छताला, डाग दाखवतं. न भरलेल्या पोकळ्यांच्या तळाशी बाहेरच्या बाजूने मीटरभर अंतरावर ८ मिमीची भोकं ठेवली तर निचरा होतो. दिवाळीनंतर सुरू करून मेच्या आत बाहेरचं प्लास्टर संपवणं हे वेळापत्रक इथे जमतं. अर्धी उघडी भिंत जूनच्या हवाली करू नका.

१००० लिटरची टाकी भरली की टनभराहून जास्त. ती खोलीच्या मधोमध नको. दोन भिंती मिळतात त्या कोपऱ्यावर, एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर टाकलेल्या दोन लोखंडी आयबीमवर ठेवा.

ऑर्डर देताना

महापालिकेची परवानगी आणि परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला हातात आल्यावरच मालाची ऑर्डर. युनिफाइड डीसीपीआर २०२० (राज्याची बांधकाम नियमावली) प्रमाणे एफएसआय, म्हणजे प्लॉटवर बांधता येणारं क्षेत्र, शिल्लक आहे का, हे आधी बघा. मजला बांधून मग नियमित करू म्हणणाऱ्यांचं ऐकू नका.

ऑर्डरच्या कागदावर "८ इंची होलो ब्लॉक, चांगला" एवढंच नको. असं लिहा: आयएस २१८५ भाग १, वर्ग ए, ५.५, ३९० × १९० × १९०, कोरडं वजन किमान २१ किलो, ओतल्याची तारीख गठ्ठ्यावर, गाडीत चढताना किमान २८ दिवसांचा, आणि पुढचे दोन आठवडे आपल्या अंगणात वाळवायचे. अर्धे ब्लॉक वेगळे मोजून. तुटफूट पाच टक्के जास्तीची धरा. मानकाप्रमाणे ५००० ब्लॉकच्या लॉटमागे २० नमुने काढतात, त्यांतले ८ दाबासाठी. तुमच्या दोन खोल्यांना हजार-बाराशे ब्लॉक लागतील. तरी ते ८ ब्लॉक गाडी उतरतानाच, गठ्ठ्याच्या मधून, स्वतः निवडून लॅबला पाठवा आणि निकाल येईपर्यंत निम्मे पैसे राखून ठेवा.